‘असं केलं असतं तर...’ : दुःख, दोष आणि जबाबदारी

(काळेवाडी येथील बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आजचा विषय ऐकायला सोपा आहे. मराठीत आपण त्याला ‘जर-तर’ म्हणतो. घडून गेलेली गोष्ट मनात पुन्हा मांडायची, तिच्यातला एखादा धागा बदलायचा आणि शेवट वेगळा करून बघायचा. पाच मिनिटं आधी निघालो असतो तर. त्या दिवशी सुट्टी घेतली असती तर. दवाखाना बदलला असता तर. हा उद्योग आपण सगळेच करतो. पण या ‘तर’मधून दोन गोष्टी ठरतात. एक, आपल्याला किती दुःख होणार. दोन, आपण दोष कोणाला देणार. दुसरी गोष्ट नुसती मनापुरती राहत नाही. ती पंचनाम्यात जाते, भरपाईच्या अर्जात जाते, कोर्टाच्या आदेशात जाते आणि आपल्या घरातल्या बायकांच्या वाट्याला येते. म्हणून हा विषय मी केवळ मानसशास्त्राचा मानत नाही. तो नागरिकत्वाचाही आहे.

आधी दुःखाचं बघू.

१२ जून २०२५ रोजी अहमदाबादहून लंडनला निघालेलं एअर इंडियाचं विमान कोसळलं. विमानातला एकच प्रवासी वाचला. त्याच विमानाचं तिकीट असलेली एक महिला वाहतूक कोंडीत अडकली होती. दहा मिनिटं उशिरा पोहोचली म्हणून तिला आत सोडलं नाही. तिनं विनवण्या केल्या, चिडली आणि परत फिरली. थोड्याच वेळात बातमी आली. कोंडी तीच, दहा मिनिटं तीच. पण ज्या कोंडीला ती शिव्या देत होती, तिच्याबद्दलच तिनं देवाचे आभार मानले. जे घडलं ते बदललं नाही, शेजारी ठेवलेलं चित्र बदललं. आधी ‘मी लंडनला पोहोचले असते’ हे चित्र होतं, नंतर ‘मी त्या विमानात असते’ हे आलं.

डॅनियल काहनेमन आणि एमॉस ट्वर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९८२ साली लोकांना असाच एक प्रसंग सांगितला होता. दोन माणसं एकाच गाडीतून विमानतळावर निघतात आणि वाहतुकीमुळे दोघंही अर्धा तास उशिरा पोहोचतात. एकाचं विमान वेळेवर सुटलेलं असतं. दुसऱ्याच्या विमानाला उशीर झाला होता, ते फक्त पाच मिनिटांपूर्वी गेलेलं असतं. जास्त वाईट कोणाला वाटेल? ९६ टक्के लोक म्हणाले, दुसऱ्याला. नुकसान दोघांचं सारखंच आहे. पण पाच मिनिटं वाचवणं मनाला सोपं वाटतं, अर्धा तास वाचवणं अवघड. जे सहज बदलता आलं असतं असं वाटतं, ते जास्त टोचतं. खेळातही तेच. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकच्या चित्रफिती अभ्यासून संशोधकांनी दाखवलं की रौप्यपदक मिळालेल्यांपेक्षा कांस्यपदक मिळालेले जास्त खूश दिसत होते. एकाला हुकलेलं सोनं दिसतं, दुसऱ्याला ‘निदान पदक तरी मिळालं’ हे दिसतं. पी. टी. उषाचं १९८४ चं पदक सेकंदाच्या शंभराव्या भागानं गेलं. ते आपल्याला अजून आठवतं. त्याच शर्यतीत शेवटी कोण आलं, ते कोणालाच आठवत नाही.

इथपर्यंत हे मनाचे खेळ वाटतील. आता दोषाकडे येऊ.

एखादी दुर्घटना शंभर कारणांनी घडते. मन त्या शंभरांतली सगळी कारणं बदलून बघत नाही. ते ठरावीकच धागे ओढतं. नेहमीपेक्षा वेगळं काही घडलं असेल तर ते आधी ओढतं. रोजचा रस्ता सोडून दुसऱ्या रस्त्यानं गेला, मग ‘त्या रस्त्यानं गेला नसता तर’. शेवटच्या क्षणाला घडलेलं ओढतं. एका माणसानं केलेलं ओढतं, कारण माणूस वेगळं वागू शकला असता. जे वर्षानुवर्षं तसंच आहे, जे व्यवस्थेचा भाग झालंय, ते मनाला भिंतीसारखं वाटतं. भिंत कोणी मनात हलवून बघत नाही. म्हणून दोष नेहमी शेवटच्या, जवळच्या, एकट्या माणसावर येतो. आणि बहुतेक वेळा तो माणूस मेलेला किंवा जखमी झालेला असतो.

मराठी माणूस हे पानिपतापासून करत आला आहे. भाऊसाहेबांनी होळकरांचं ऐकलं असतं तर, गनिमी काव्यानं लढले असते तर, इब्राहिमखान गारदीच्या सल्ल्यानं गोल बांधला नसता तर. १४ जानेवारी १७६१ च्या त्या लढाईत उपाशी सैन्य, तुटलेली रसद, दूर गेलेले मित्र ही सगळी कारणं होती. पण बोट दाखवायला माणूस लागतो. इब्राहिमखान शेवटपर्यंत मराठ्यांच्या बाजूनं लढला, जखमी होऊन पकडला गेला आणि मारला गेला. तरी ‘त्याचं ऐकलं नसतं तर’ यातून त्याची सुटका नाही.

आता आपल्या जवळचं बघू. १५ जून २०२५, रविवार. मावळातल्या कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळला. चार जण गेले, पन्नासहून अधिक जखमी झाले. या पिंपरी-चिंचवडमधून पावसाळ्याच्या रविवारी लोक तिकडं जातातच. त्या संध्याकाळपासून फोनवर काय फिरत होतं ते आठवा. लोक कशाला गेले? धोक्याचा फलक होता, वाचता येत नाही का? फोटोसाठी जीव घालवतात. हे सगळे ‘जर’ पर्यटकांचे होते.

त्यात तथ्य नाही असं मी म्हणत नाही. त्या पुलावर एवढ्या माणसांनी आणि दुचाक्यांनी उभं राहायला नको होतं. पण आणखी काही ‘जर’ त्याच पुलावर उभे होते. पूल धोकादायक आहे हे प्रशासनाला माहीत होतं. नव्या पुलाला मंजुरी होती, निधीची घोषणाही झाली होती. तरी जुना पूल उभाच होता आणि त्यावर जायची वाट मोकळी होती. पूल दोन्ही बाजूंनी बंद केला असता तर? नवा होईपर्यंत थांबायचं नाही, आधी जुना उतरवायचा, असं ठरलं असतं तर? फलकावर भागवण्याऐवजी रविवारी दोन माणसं उभी केली असती तर? या प्रश्नांमध्ये चेहरा नाही, शेवटचा क्षण नाही. फायली आहेत, तारखा आहेत. म्हणून ते मनात आपोआप येत नाहीत. ते मुद्दाम आणावे लागतात. आपल्यासारख्या संघटनांचं काम हेच आहे.

कारखान्यांचंही तसंच. आपल्यातले कितीतरी जण चाकण, भोसरी, तळवड्याला कामाला आहेत. प्रेस मशीनवर बोट गेलं की पहिला प्रश्न काय असतो? ‘हात कशाला घातलास?’ कामगार स्वतःही तेच म्हणतो, ‘माझंच लक्ष नव्हतं.’ बाराव्या तासाला लक्ष कोणाचं राहतं? मशीनला सेन्सर होता का? गार्ड होता की उत्पादन वाढावं म्हणून काढून ठेवला होता? १९४८ च्या कारखाना कायद्यात, कलम २१ मध्ये, यंत्राचे धोकादायक भाग सुरक्षितपणे झाकलेले असले पाहिजेत असं लिहिलं गेलं. कायदा करणाऱ्यांना एक साधी गोष्ट कळली होती. माणसाचं लक्ष उडणारच. ते उडालं तरी बोट राहिलं पाहिजे. त्याच्याही आधीचा १९२३ चा नुकसानभरपाईचा कायदा बघा. नुसत्या नजरचुकीमुळे कामगाराची भरपाई जात नाही. नशेत असणं, सुरक्षेचा नियम जाणूनबुजून मोडणं, गार्ड मुद्दाम काढून टाकणं असं काही सिद्ध झालं तरच मालकाला हात वर करता येतात. आणि मृत्यू झाला असेल तर तेव्हाही नाही. म्हणजे ‘माझंच लक्ष नव्हतं’ हे वाक्य कायद्याच्या दृष्टीनं एवढं मोठं नाही. पण रुग्णालयातल्या खाटेवर, सुपरवायझर शेजारी उभा असताना ते कागदावर लिहून दिलं जातं आणि कामगार भरपाई मागायलाच जात नाही. असं काही लिहून देण्याआधी कोणाशी तरी बोला, ही माझी पहिली विनंती.

८ डिसेंबर २०२३ ला तळवड्यात वाढदिवसाच्या केकवर लावायच्या फुलबाजीच्या मेणबत्त्या बनवणाऱ्या ठिकाणी आग लागली. सहा जण जागीच गेले, पुढच्या दिवसांत उपचार घेणारेही दगावले. मेलेल्यांत बहुतेक बायका होत्या. ठिणगी कशी पडली हा एक ‘जर’ झाला. असल्या दारूच्या कामाला तिथं परवानगीच नव्हती, तरी ते चालत होतं, हा दुसरा. पहिल्या ‘जर’नं एखादी कामगार बाई दोषी ठरते. दुसऱ्यानं आपण महापालिकेला, कारखाना निरीक्षकाला प्रश्न विचारायला लागतो.

आता एक अवघड गोष्ट. २ जून २०१४ ला पुण्यात, हडपसरला, मोहसीन शेख या तरुणाला जमावानं मारलं. आयटीत नोकरी करणारा, मूळचा सोलापूरचा मुलगा, मित्रासोबत घरी परतत होता. फेसबुकवरच्या बदनामीकारक चित्रांवरून शहर पेटलं होतं, त्या चित्रांशी याचा काही संबंध नव्हता. त्यानंतर आपल्याच वस्त्यांमध्ये काय बोललं गेलं? दाढी नसती तर. टोपी काढून खिशात ठेवली असती तर. त्या रात्री बाहेर पडलाच नसता तर. हे बोलणारे दुष्ट नव्हते. घाबरलेले आईबाप होते. आपल्या मुलाला काय सांगितलं म्हणजे तो सुखरूप घरी येईल, एवढाच त्यांचा शोध होता. पण त्या प्रत्येक ‘तर’मध्ये मारणारे हात भिंतीसारखे स्थिर राहिले आणि बदलायचं ते मेलेल्यानं, असं ठरलं.

मग तेच कोर्टाच्या कागदावर आलं. जानेवारी २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तिघा आरोपींना जामीन देताना म्हटलं की मृताचा दोष एवढाच की तो दुसऱ्या धर्माचा होता, आणि ही बाब आरोपींच्या बाजूनं धरली. धर्माच्या नावानं त्यांना चिथावलं गेलं होतं, असंही म्हटलं. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो आदेश रद्द केला आणि कोणत्याही समाजाच्या बाजूचा किंवा विरोधाचा वास येईल अशी विधानं न्यायालयांनी करू नयेत, असं बजावलं. पुढं जानेवारी २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयानं खटल्यातल्या सगळ्या आरोपींना निर्दोष सोडलं. म्हणजे ‘कोणी मारलं’ याला कायद्यानं उत्तर मिळालं नाही. ‘तो तसा दिसला नसता तर’ हे मात्र लोकांच्या तोंडी राहिलं.

एका माणसाचं होतं तेच अख्ख्या समाजाचंही होतं. २०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये ‘निजामुद्दीनचं झालं नसतं तर कोरोना पसरलाच नसता’ हे किती जणांनी ऐकवलं, आठवा. भाजीवाल्यांना गल्लीत येऊ दिलं नाही. साथ जगभर पसरली होती, पण बदलून बघायला लोकांना एकच धागा सापडला, कारण तो दाखवला जात होता. त्या वर्षी २१ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं तबलिगी परदेशी पाहुण्यांवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केलं गेल्याचं स्पष्ट म्हटलं.

आपल्यावर असं झालं की आपल्याला लगेच कळतं. आता आपण कोणावर करतो, ते बघू. तलाक देऊन घराबाहेर काढलेली मुलगी माहेरी येते. पहिल्याच आठवड्यात तिला काय ऐकावं लागतं? जरा गप्प बसली असतीस तर. उलट उत्तर दिलं नसतंस तर. आईला फोन केला नसतास तर. तिचा नवरा, सासर आणि निकाहनाम्यात तिच्या बाजूनं एक अटही न घालणारे आपण, सगळे भिंत झालो. बदलायचं ते फक्त तिनं. २२ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयानं एका दमात दिलेला तिहेरी तलाक रद्द ठरवला, २०१९ ला कायदा झाला. पण घरातलं ‘तू गप्प बसली असतीस तर’ कोणत्याही कोर्टाला रद्द करता येत नाही. ते आपल्यालाच करावं लागेल. १८ एप्रिल १९६६ ला हमीद दलवाईंनी सात मुस्लिम महिलांना घेऊन मुंबईत विधानसभेवर मोर्चा नेला, तो याचसाठी. ‘या बायकांनी वेगळं वागायला हवं होतं’ असं सगळे म्हणत असताना त्या सातजणी विचारत होत्या, कायदा वेगळा असता तर?

काही जण म्हणतील, जर-तर करणंच मुळात चूक आहे, तकदीरवर विश्वास ठेवा. सहीह मुस्लिममधली हदीस आपण मय्यतीच्या घरी ऐकतो. काही संकट आलं तर ‘मी असं केलं असतं तर’ म्हणू नका, त्या ‘जर’नं सैतानाला दार उघडतं, अशा आशयाची. पण त्याच हदीसचा आधीचा भाग फार कमी जण सांगतात. तुमच्या हिताचं आहे त्यासाठी झटा, अल्लाहची मदत मागा आणि हतबल होऊन बसू नका, असा तो आहे. दोन्ही भाग एकत्र वाचले की अर्थ स्पष्ट होतो. मागं वळून स्वतःला कुरतडू नका, पुढं मात्र हातपाय हलवा. हजरत उमर साथ पसरलेल्या शामच्या वेशीवरून माघारी फिरले, तेव्हा अबू उबैदांनी विचारलं, अल्लाहच्या तकदीरपासून पळताय? उमरनी सांगितलं, एका तकदीरकडून दुसऱ्या तकदीरकडे जातोय. आणि सूरह आले इम्रानमध्ये, उहुदच्या संदर्भात, घरी बसून मेलेल्यांबद्दल ‘आमचं ऐकलं असतं तर मेले नसते’ म्हणणाऱ्यांना फटकारलं आहे. मेलेल्या माणसावर ‘तर’ लादणं ही जुनी सवय आहे आणि तिचा निषेधही तितकाच जुना आहे.

मानसशास्त्राचा अनुभव याच्याशी जुळतो. वाहन अपघातात जोडीदार किंवा मूल गमावलेल्यांशी अमेरिकेत संशोधक काही वर्षांनी बोलले. हे लोक तेव्हाही मनात तो दिवस बदलून बघत होते. आणि त्यांचे ‘जर’ बहुधा स्वतःच्या वागण्याबद्दल होते. ‘समोरच्या ड्रायव्हरनं नीट चालवलं असतं तर’ हे क्वचितच. जो जितका जास्त हे करत होता, तितका तो जास्त कष्टी होता. मला आणखी काहीतरी करता आलं असतं, एवढ्यावरून मन ठरवतं की हे माझ्यामुळेच झालं. या दोन गोष्टी एक नाहीत. मुलाला दुकानात पाठवणं हे अपघाताचं कारण नाही. बेदरकार गाडी हे कारण आहे. त्या आईला हे शंभर वेळा सांगावं लागतं, आणि सांगावं.

म्हणून जर-तर सोडून द्या असं मी म्हणणार नाही. ते सोडलं तर पूल तसाच राहील, मशीन तसंच राहील. ‘बैल गेला आणि झोपा केला’ म्हणून आपण हसतो, पण दुसरा बैल गोठ्यात असेल तर झोपा केलाच पाहिजे. फक्त तोंडातून ‘तर’ निघण्याआधी तीन प्रश्न विचारावेत.

पहिला, त्या माणसाला तेव्हा हे माहीत होतं का? शेवट कळल्यावर सगळंच आधी दिसत होतं असं वाटतं. ताप तीन दिवसांत उतरेल असं डॉक्टरनं सांगितलं असेल, तर चौथ्या दिवशी काय होणार हे बापाला कुठून कळणार?

दुसरा, बदलण्याची ताकद कोणाच्या हातात होती? ज्याच्या हातात जास्त, त्याचा ‘जर’ आधी. पुलाच्या बाबतीत आधी पुलाची जबाबदारी असलेला, मग पुलावर उभा राहिलेला.

तिसरा, या ‘जर’चा उद्या उपयोग आहे का? ‘गार्ड असता तर’ म्हटल्यावर उद्या गार्ड मागता येतो. ‘तिनं उत्तर दिलं नसतं तर’ म्हटल्यावर उद्या फक्त आणखी एक मुलगी गप्प बसते.

ताजियतीला जाल तेव्हा ‘आधी का नाही नेलं दवाखान्यात?’ हा प्रश्न दाराबाहेर चपलांजवळ ठेवून आत जा. त्या घरातल्या प्रत्येकानं तो स्वतःला विचारलेला असतो, रात्रभर. आणि चाळीस दिवसांनी, दुःख थोडं निवल्यावर, पुन्हा जा. अर्ज लिहायचा असेल तर सोबत बसा. ॲम्ब्युलन्स वेळेवर का आली नाही, गार्ड का नव्हता, रस्त्यावर गतिरोधक का नव्हता, हे ज्याला उत्तर द्यायचंय त्याला लेखी विचारा, आणि पोच घ्या.